व्हरांड्यातल्या चपला

ही गोष्ट मी कुणाला सांगायची नाही, असं मामानं मला दोनदा बजावलं आहे. एकदा काल रात्री जिन्यात आणि एकदा आज सकाळी दुकानाचं शटर वर करताना. "तू तोंड उघडत नाहीस म्हणून तुझ्यासमोर बोललो," तो म्हणाला. खरं आहे, मी फारशी बोलत नाही. पण लिहू नकोस असं तो म्हणाला नाही. आणि उद्या सकाळी अकराच्या आत हे कुठंतरी लिहिलेलं असावं, असं मला वाटतं.

आधी आमचं घर सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. खाली रस्त्याला लागून मामाचं झेरॉक्सचं दुकान आहे. त्याच्यामागच्या दोन खोल्यांत आई, मी आणि माझा धाकटा भाऊ राहतो. वर मामा, मामी आणि त्यांची मुलगी, म्हणजे ताई. ताई कॉलेजात जाते. बाबा लांबच्या ट्रकवर ड्रायव्हर आहेत, महिन्यातून एकदा घरी येतात. घराला बाहेरचं दार एकच, आणि रात्री ते लावायचं काम आईचं. कडी घालण्याआधी ती दाराबाहेरचे चपलांचे जोड मोजते. "सहा. आले सगळे." मग कडी. बाबा आलेले असले की सात.

माणसं मोजायची नाहीत, चपला मोजायच्या, ही तिची सवयच आहे. एकदा ताई जुन्या चपला दारात ठेवून नव्या घालून मैत्रिणीकडं गेली. आईनं जोड मोजले, कडी घातली, दिवा मालवला. रात्री अकराला ताई बाहेरून दार बडवतेय, "आत्या, चपला पोचल्या गं घरी, मी राहिलेय!" तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आईसुद्धा. ही दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानंतर कधीतरी आई त्यावर हसेनाशी झाली, आणि का ते मला काल कळलं.

आई शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्ग तिच्याकडं, एकाच मोठ्या खोलीत. शाळेची भानगड इथं सगळ्यांना पाठ आहे, तरी थोडक्यात सांगते. शाळा अनुदानावर चालते. वर्गात वीस मुलं असली तर वर्ग राहतो आणि शिक्षकाचा पगार वरच्या कार्यालयातून येतो. एकोणीस झाली की वर्ग बंद. मुलं होती की नव्हती हे हजेरीपटावरून ठरतं. मागच्या वर्षी शाळेच्या गच्चीवरची पाण्याची टाकी फुटली आणि खालच्या खोलीतलं हजेरीपटांचं कपाट रात्रभर पाण्यात उभं राहिलं. सकाळी कपाट उघडलं तर आत नुसता लगदा. "तीन वर्षांची पोरं एका रात्रीत वाहून गेली," असं मामा म्हणतो. कार्यालयाचं म्हणणं असं, की हजेरी दाखवा, नाहीतर त्या तीन वर्षांचे पैसे परत करा. तेव्हापासून सगळ्या शिक्षकांचे पगार अडकले आहेत. आई दिवसा शिकवते आणि रात्री मामाच्या दुकानात कागद कापते. पूर्वी तिच्या बोटांना खडू लागलेला असायचा, आता बोटांवर कागदाच्या धारेचे बारीक काप असतात.

काल रात्री साडेनऊला वीज गेली. आम्ही तिघं जिन्यात जाऊन बसलो. मामा वरच्या पायरीवर, पाय लांब करून. खाली दुकानात आई मेणबत्ती लावून काम करत होती. हातानं दाबायचा कटर आहे. खच्… थोडा वेळ शांत… खच्.

"मामा, भुताची सांग," धाकटा म्हणाला. "खरी हवी. नाहीतर नको."

"खरं भूत बघायचंय?" ताई म्हणाली. "बाबांचं मशीन बघ. कागद गिळतं आणि परत देत नाही."

"तू गप गं," मामा म्हणाला. "खरी सांगतो. ऐकीव नाही. ज्याच्यावर गुदरली तो पहाटे माझ्याच दुकानात येऊन बसला होता."

मग त्यानं सांगितलं ते असं. जमेल तितकं त्याच्याच शब्दांत लिहिते.

*

टाचणी तुम्हाला माहीत आहे. शाळेचा कारकून. कॉलरच्या आतल्या बाजूला चार टाचण्या आणि दोन सेफ्टी पिना कायम. कुणाच्या दप्तराचा पट्टा तुटू दे, कुणाचं बटण पडू दे, टाचणी पुढं. अंगानंही तसाच. मोठे सर, म्हणजे तुमचे हेडमास्तर, म्हणायचे की याचं डोकंही टाचणीएवढंच आहे. असेल. पण माणूस सरळ.

मागच्या महिन्यातला दुसरा बुधवार. गुरुवारी वरच्या कार्यालयात सुनावणी होती. त्याच्या आधीच आठ-दहा दिवस टाचणी माझ्याकडून कोरे तक्ते छापून नेत होता. तीन वर्षांचे हजेरीपट नव्यानं लिहायचे, असा मोठ्या सरांचा हुकूम. कागद जुने दिसावेत म्हणून चहाच्या पाण्यात बुडवून वाळत घातले होते. शाळेत दोऱ्या बांधून.

("साखरेचा चहा की बिनसाखरेचा?" ताईनं विचारलं. "बिनसाखरेचा. नाहीतर मुंग्या हजेरी लावतील," मामा म्हणाला, आणि धाकटा खिदळला. खाली कटर चालू होता.)

शिक्षकांनी आपापले वर्ग आठवून आठवून भरले. पण सगळी पोरं रोज हजर, असं कोण मानणार? म्हणून मोठ्या सरांनी गैरहजऱ्या वाटून दिल्या. महिन्याला प्रत्येकी दोन. कुणाला ताप, कुणाची पोटदुखी, कुणाच्या मामाचं लग्न. गुणी पोराला एखादी कमी, द्वाडाला एखादी जास्त. पोरं नसताना पोरांचे आजार ठरवले, बघा. आणि एकालाही लाज वाटली नाही, कारण सगळ्यांचीच चूल थंड होती. लाज भरल्या पोटी परवडते.

तर बुधवारी सगळे भरलेले तक्ते टाचणीच्या टेबलावर आले. त्यानं प्रत्येक दिवसाची बेरीज मांडायची आणि सकाळी प्रती काढून घेऊन जायचं. संध्याकाळी सगळे घरी गेले. "आटप लवकर," मोठे सर म्हणाले आणि तेही गेले. शाळेत टाचणी एकटा. कचेरीत एक दिवा, बाहेर व्हरांडा, व्हरांड्यापलीकडं अंधार.

त्याला आकडे पुटपुटायची सवय आहे. हजेरीतला नंबर म्हणायचा, हजर असेल तर 'ह' म्हणायचं, नसेल तर 'गै'. एक, ह. दोन, ह. तीन, गै. असं चाललं होतं. साडेदहाला तो चौथीच्या पटावर आला. दोन वर्षांपूर्वीची चौथी. एकोणीस नंबरपर्यंत नीट. मग विसावी ओळ.

त्या ओळीत एकही गैरहजेरी नव्हती.

*

इथं मामा थांबला. त्यानं जिन्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं आणि मग आवाज थोडा वाढवला. हे माझ्या लक्षात आलं. एरवी भुताच्या गोष्टीत माणूस आवाज खाली आणतो.

"ती वीस नंबर कोण होती, ते आधी ऐका," तो म्हणाला.

त्या वर्षी नव्यानं आलेली एक पोरगी. आईबाप कामासाठी लांब, ही आजीजवळ. आजीला डोळ्यांनी दिसत नाही, चालता येत नाही. घर पार जुन्या पंपापलीकडं. पोरगी गप्प, मागं बसणारी. तिचं नाव कुणाच्या तोंडी बसलंच नाही, सगळे वीस नंबर म्हणायचे. ती आली म्हणून विसाचा आकडा भरला, म्हणून वर्ग वाचला. एवढंच तिचं कौतुक.

आता त्या वर्गाची एक रीत होती. खोलीत नव्या फरशा बसवल्यापासून चपला बाहेर काढायच्या. दोन वर्गांची पोरं एका खोलीत, त्यात एकट्या बाई. नावं घ्यायला बसलं तर अर्धा तास जातो आणि तेवढ्यात मागं मारामारी होते. म्हणून बाई आत शिरतानाच व्हरांड्यातले जोड मोजायच्या. खोलीला दारं दोन, तिसरीच्या दाराशी तिसरीचे, चौथीच्या दाराशी चौथीचे. आकडा बरोबर असला की सगळे हजर. कमी असला तरच आत जाऊन विचारायचं, कोण नाही रे?

(खच्… असा आवाज व्हायला हवा होता. झाला नाही. मी वाट पाहिली.)

एक दिवस त्या पोरीला शाळेतच ताप भरला. टाचणीनं उचलून तिला दूधवाल्याच्या टेम्पोत बसवलं. "आजीकडं सोड रे हिला." टेम्पो गेला. चपला राहिल्या. निळ्या पट्ट्यांच्या. उजवीचा पट्टा तुटलेला, त्याला पिन. ती पिनही टाचणीनंच लावून दिलेली.

दुसऱ्या दिवशी झाडणाऱ्या मावशींनी व्हरांडा झाडला आणि तो जोड उचलून रांगेत ठेवला. बाईंनी मोजले. वीस. तिसऱ्या दिवशी वीस. चौथ्या दिवशी वीस.

"आणि पोरं काही बोलली नाहीत?" ताईनं विचारलं. ती आता हसत नव्हती.

बोललं की एक कार्टं. "बाई, ती आली नाही." बाई म्हणाल्या, "चपला आहेत ना बाहेर? मग पाणी प्यायला गेली असेल. बस खाली." बाईही काय करतील? त्याच महिन्यात त्यांना वरून काम लागलं होतं. दुपारनंतर घरोघर हिंडून माणसं मोजायची. इतक्या घरांतली इतकी माणसं लिहिली त्यांनी. पंपापलीकडची घरं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला होती.

आता शाळेचा एक नियम आहे. मूल सलग सात दिवस आलं नाही तर शाळेतून माणसानं घरी जायचं. चौकशी करायची, डॉक्टर लागला तर बघायचं. पोरीला तो नियम पाठ होता. ती आजीला सांगत होती, "आजी, सात दिवस झाले की शाळेतून माणूस येतो." दूधवाला विचारायचा, "म्हातारे, डॉक्टरला आणू का?" आजी म्हणायची, "नको रे बाबा, शाळेतून माणूस येणार आहे." सात दिवस झाले. आठ झाले. माणूस कसा येईल? पटावर तर ती रोज हजर होती.

दुसऱ्या आठवड्यात सगळं संपलं.

शाळेला कळलं ते पुढच्या महिन्यात. टाचणी गणवेशाच्या कागदावर आजीचा अंगठा घ्यायला गेला तेव्हा. दारात पावलं वाजली तशी म्हातारी म्हणाली, "शाळेतून आलात का? फार उशीर केलात."

टाचणीनं येऊन मोठ्या सरांना सांगितलं. सरांनी आधी कचेरीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "वर्षअखेरपर्यंत नाव राहू दे. एकोणीस दाखवून कुणाचं भलं होणार आहे?" आणि त्या चपला कचऱ्यात टाकून पेटवून दिल्या. टाचणी तिथं उभा होता. रबराचा धूर त्याच्या नाकात अजून आहे.

*

तर ती विसावी ओळ. टाचणीनं पेन टेकलं आणि पुटपुटला, "वीस… ह."

बाहेर व्हरांड्यात चपला वाजल्या.

चटक… चटक… चटक. लहान पावलं. एक चप्पल नीट वाजत होती, दुसरी ओढल्यासारखी. मग थांबल्या.

त्याला वाटलं मांजर असेल. मग त्याचं त्यालाच हसू आलं, मांजर कधी चप्पल घालतं का? उठला. मोबाइलचा उजेड पाडला. व्हरांडा रिकामा. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

चौथीच्या दाराशी एक जोड होता.

निळे पट्टे. उजवीला पिन.

तो कचेरीत परत आला. दार लावलं. खुर्चीत बसला. काम तर संपवायलाच हवं. त्याच्याही घरी पोरं आहेत. पुन्हा पेन टेकलं.

"वीस… ह."

दाराबाहेरून आवाज आला.

"गैरहजर."

मोठ्यानं नाही. वर्गात मागच्या बाकावरून येतो तसा. कुणी रागवेल की काय, अशा बेतानं.

टाचणी हलला नाही. बराच वेळ. दिव्याभोवती एक किडा फिरत होता, तेवढाच आवाज. मग त्यानं घाईघाईनं त्या दिवसाची बेरीज मांडली. वीसच्या वीस खान्यांत 'ह'. बेरीज आली एकोणीस. पुन्हा मांडली. एकोणीस. बोट ठेवून मोजलं, एकेक खाना. बोट वीस वेळा हललं. आकडा एकोणीस.

"वीस…" तो म्हणाला. पुढचं अक्षर तोंडातून फुटेना.

"गैरहजर."

आता आवाज दाराच्या अगदी खालून. फटीपाशी.

"काय… काय पाहिजे बाळा?"

…

"काय पाहिजे?"

…

"सात दिवस लिहा."

टाचणीनं पट जवळ ओढला.

"सात दिवस लिहा ना… मग माणूस येतो."

त्यानं लिहिलं. 'ह' खोडून वर 'गै'. एक. दोन. तीन. अक्षर वाकडं येत होतं. चार. पाच. बाहेर श्वास. सहा. कुणीतरी मोजत असल्यासारखं. सात.

पेन खाली ठेवलं.

मग चपला वाजल्या. लांब गेल्या. फाटकापर्यंत. तिथं थांबल्या. पुढं गेल्याच नाहीत.

वाट बघत थांबतं ना कुणी, तशा.

*

वीज अजून आली नव्हती. धाकटा माझ्या मांडीत घुसला होता. ताईनं हळूच विचारलं, "मग?"

"मग काय," मामा म्हणाला. "उजाडायच्या आधी त्यानं दार उघडलं. चपला कचेरीच्या उंबऱ्याशी. तोंडं रस्त्याकडं. त्यानं त्या पिशवीत घातल्या आणि साडेपाचला माझ्याकडं आला, प्रती काढायला. मी म्हटलं, अरे, तोंड असं काय झालंय तुझं? त्यानं पिशवी उघडली. मी हातात घेतल्या त्या."

"कशा होत्या?"

"गरम," मामा म्हणाला. "कुणीतरी आत्ताच पाय काढल्यासारख्या."

मामा सांगत राहिला. टाचणी तिथून सायकलनं थेट पंपापलीकडं गेला. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, म्हातारी गेली, वर्ष होत आलं. तरी त्यानं चपला उंबऱ्यावर ठेवल्या आणि बंद दाराला मोठ्यानं सांगितलं, "शाळेतून आलोय." शेजारीण बघत राहिली. तिथून तो सुनावणीला गेला. साहेबानं पट चाळला. त्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. साहेब म्हणाला, "ही मुलगी सलग सात दिवस गैरहजर दिसते. नियमाप्रमाणं घरी कोण गेलं होतं? भेटीचा कागद कुठाय?"

"मुलगी कुठाय असं नाही विचारलं," मामा म्हणाला. "कागद कुठाय असं विचारलं."

सुनावणी महिनाभर पुढं गेली, ती उद्या सकाळी अकराला आहे. टाचणीला घरी बसवलं. त्यानं मुद्दाम खोडसाळपणा केला, पाणीही त्यानंच सोडलं असेल, असं आता सगळे बोलतात. तोडगा असा निघाला आहे, की त्या वर्गाच्या बाईंनी लिहून द्यायचं. ती मुलगी वर्षभर रोज हजर होती, ते सात 'गै' कारकुनाची चूक. बाईंची सही झाली की सगळ्यांचे पगार सुटतील. नाही झाली तर तीन वर्षांचे पैसे परत, आणि पहिल्यांदा तोच वर्ग बंद.

"बाबा," ताई म्हणाली, "त्या वर्गाच्या बाई म्हणजे…"

"झोपा आता," मामा म्हणाला.

पण धाकट्याला झोप कुठली. "मामा, त्या चपला अजून तिथंच आहेत? उंबऱ्यावर?"

"नाहीत. मी परवा जाऊन आलो. उंबऱ्यावर धूळ आहे बोटभर. दोन छोट्या पावलांएवढी जागा तेवढी स्वच्छ आहे."

"मग कुठं गेल्या?"

मामा उठला. गुडघे धरून, हळूहळू. "चालत असतील," तो म्हणाला. "लहान पावलं आहेत. वेळ लागतो."

तेवढ्यात वीज आली. मी कठड्यावरून वाकून दुकानात पाहिलं. आई कटरसमोर उभी होती. हात दांड्यावर. खाली कागदांचा गठ्ठा अर्धवट कापलेला. कधीपासून ती तशी उभी होती, कुणास ठाऊक. मग ती दाराशी गेली आणि तिनं जोड मोजले. "सहा." त्यापुढचं "आले सगळे" ती म्हणाली नाही.

*

आज संध्याकाळी मोठे सर स्वतः आले होते. दारात चपला काढून, हात जोडून. आईला बाई बाई म्हणत होते. "बाई, सात घरांचा प्रश्न आहे. आम्ही कुणी तुमच्या शब्दाबाहेर नाही. फक्त एक सही." आईनं त्यांना चहा दिला. त्यांच्या कपाकडं बघून ताई माझ्या कानात म्हणाली, "कागद बुडवायला विसरले वाटतं." मला हसू आलं नाही. ताईलाही आलं नव्हतं.

ते गेल्यावर कागद टेबलावर राहिला. टाइप केलेला. मी वाचला. 'सदर विद्यार्थिनी वर्षभर नियमितपणे हजर होती.' खाली सहीची रेघ.

मला विचारायचं नव्हतं. पण जेवताना तोंडातून निघून गेलं. "आई, ती कशी होती दिसायला?"

आईनं घास खाली ठेवला. मला वाटलं, रागावेल.

"तेच आठवते आहे गं महिनाभर," ती म्हणाली. "चेहरा आठवत नाही मला. वर्गात कुठं बसायची, आवाज कसा होता, काही नाही. चपला आठवतात. उजवीला पिन होती, ती बाहेरच्या बाजूनं लावलेली होती."

मग ती उठून भांडी घासायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

उद्या पगार सुटला तर माझी परीक्षेची फी भरली जाईल. धाकट्याला दप्तर येईल. टाचणीकाका मात्र घरीच राहतील. हे सगळं मला कळतं. आई सही करील की नाही, ते मला कळत नाही. मघाशी ती टेबलाशी बसली होती. पेनाचं टोपण काढून ठेवलेलं आहे, सहीची रेघ कोरी आहे. आता साडेदहा झालेत. ती उठून दार लावायला गेली आहे. मी पलंगावर बसून लिहिते आहे आणि तिचं मोजणं मला इथून ऐकू येतं आहे.

चार… पाच… सहा…

ती थांबली.

सात.

क्षणभर मला वाटलं, बाबा आले. पण ट्रक वाजला नाही. दारात कुणी खाकरलंही नाही. कडीचा आवाज अजून आलेला नाही.

"बाळा," आईची हाक आली. अगदी हळू. "जरा बाहेर ये."

मग लगेच, "नको… येऊ नकोस."

मग पुन्हा, "ये."

मी जाते. जाण्याआधी एवढंच लिहून ठेवते, की बाबांच्या चपला मोठ्या आहेत, काळ्या, आणि इथून दाराच्या फटीतून मला जो जोड दिसतो आहे त्याचे पट्टे